मिरचीच्या रोपाचं घर

डोंगराच्या अगदी माथ्यावर, जिथे ढगसुद्धा घटकाभर टेकून मगच पुढे जात, तिथे एक इवलीशी वाडी होती. वाडीखाली सगळा काळा कातळ. कुदळ मारली तर ठिणगी उडे, पण मूठभर माती काही निघत नसे. त्या वाडीतल्या शेवटच्या झोपडीत सगुणा नावाची मुलगी तिच्या आईबरोबर राहायची. सगळे तिला सगू म्हणत.

सगूची आई पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी लावायची. तिची बोटं अशी भरभर चालायची की बघणाऱ्याला वाटावं, पानंच आपली आपण जुळून येताहेत. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता आईला ताप आला. ताप उतरला, तरी आईच्या जिभेची चव काही परत आली नाही. पेज दिली तर दोन घोट घेऊन ती वाटी बाजूला ठेवी. भाकरीचा तुकडा तोंडातच घोळवत राही.

"सगळं गवतासारखं लागतं गं," आई म्हणायची. "माझ्या माहेरी परसात लवंगी मिरची व्हायची. तिची लालभडक चटणी असती ना, तर घास उतरला असता."

पण कातळावर मिरची कुठून येणार? बाजार तर डोंगराखाली, नदीपलीकडे. आईला एकटीला टाकून सगू तेवढ्या लांब जाणार तरी कशी? आई रोज थोडी थोडी बारीक होत चालली होती. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत.

एका कोवळ्या सकाळी सगू पानं आणायला रानात गेली. रान नुसतं झळाळत होतं. सोनकीची पिवळीधमक फुलं, गवताच्या पात्यांवर दवाचे मोती, आणि फुलाफुलावर निळी, केशरी फुलपाखरं. एका जुन्या पळसाच्या बुंध्यावर लाल डिंकाचा थेंब माणकासारखा चमकत होता. सगू जवळ गेली, तर त्या डिंकात कुणीतरी अडकलेलं.

ती एक परी होती. सगूच्या करंगळीएवढी. अंगात लालचुटूक झगा, डोक्यावर हिरवी देठाची टोपी, आणि पाठीवर दोन चिमुकले पंख. त्यातला एक पंख डिंकात घट्ट रुतला होता.

"हलू नकोस हं," सगू हळूच म्हणाली. "ओढलास तर फाटेल."

तिने कमरेची तुंबडी सोडली. दिवसभर प्यायचं पाणी तिच्यात होतं. सगूने ते थेंब थेंब डिंकावर सोडलं. डिंक मऊ होईपर्यंत तुंबडी रिकामी झाली. मग तिने गवताच्या काडीने पंख अलगद सोडवला. परी भुर्रकन उडाली, तिने उन्हात दोन गिरक्या घेतल्या आणि ती सगूच्या तळहातावर येऊन बसली. हाताला जरासं चुरचुरलं.

"माझं नाव ठिणगी," परी म्हणाली. "मी मिरचीची परी. तुझ्या घशाला कोरड पडली असेल आणि पाणी तर तू मला दिलंस. तुला काय हवं ते सांग."

सगूने आईची सगळी हकिगत सांगितली. परीने डोक्यावरची टोपी काढून झटकली. टोपीतून पिवळसर, चपट्या, टिकलीएवढ्या बिया सगूच्या ओंजळीत पडल्या.

"तयार मिरची मला देता येत नाही," ठिणगी म्हणाली. "बी देता येतं, आणि बी रुजवायला भांडं देता येतं. तुला आवडेल ते भांडं माग. पण नियम ऐकून घे. एका वेळी एकच भांडं. ते परत आणून दिलंस, तरच दुसरं मागता येईल."

सगूने डोळे मिटले. सगळ्यात सुंदर भांडं कोणतं? तिला एकदा जत्रेत दिसलेली काचेची हंडी आठवली. "मला रंगीत काचेची हंडी दे," ती म्हणाली. "इतक्या छान घरात राहायला कुणाला आवडणार नाही?"

क्षणात तिच्या हातात हंडी आली. निळी, जांभळी, गुलाबी. ऊन त्यातून आरपार जाऊन गवतावर इंद्रधनुष्याचे तुकडे सांडत होतं. सगूने खालच्या झऱ्याकाठून माती आणली, थोड्या बिया पेरल्या आणि हंडी दारात ठेवली. काही दिवसांनी कोंब वर आले. नाजूक, हिरवे, दोन दोन पानांचे. काचेतून पांढरी मुळंसुद्धा दिसायची. सगू तासन् तास बघत बसे.

पण पावसानंतरचं ते ऊन कडक होतं. काच तापली, आतली माती तापली. काचेला चिकटलेली मुळं करपून तपकिरी झाली आणि एका दुपारी सगळी रोपं माना टाकून पडली.

सगू रडली. मग डोळे पुसून तिने हंडी घासूनपुसून लख्ख केली आणि पळसापाशी नेऊन दिली.

"मुळांना अंधार लागतो, होय ना?" तिने ठिणगीला विचारलं.

"तुझं तूच ओळखलंस," परी कौतुकाने म्हणाली. "आता काय देऊ?"

"तांब्याचा हंडा दे. मोठा. मोठ्या घरात रोपंही मोठी होतील."

हंडा आला तो मावळत्या सूर्यासारखा तांबूस, झगमगता. काठावर मोरांची नक्षी, मोरांच्या पिसाऱ्यात बारीक बारीक चांदण्या. या खेपेला सगूने तो झोपडीच्या सावलीत ठेवला. पुन्हा बिया पेरल्या, पुन्हा कोंब आले. रोज सकाळी ती पाणी घालायची. पण एवढ्या मोठ्या हंड्यातलं पाणी ती चिमणी रोपं पिऊन पिऊन किती पिणार? आणि हंड्याच्या बुडाला भोक नव्हतं, त्यामुळे उरलेलं पाणी जाणार तरी कुठे? माती चिखल झाली. रोपं पिवळी पडली, त्यांचे देठ खालून मऊ झाले आणि ती एकेक करून आडवी झाली.

सगूने चिखल उपसला. तिच्या पुरचुंडीत आता चिमूटभरच बिया उरल्या होत्या. पण या वेळी ती रडली नाही, कारण आता काय मागायचं ते तिला ठाऊक होतं. भांडं हवं लहानसं, आरपार न दिसणारं, आणि बुडातून पाणी निथळणारं. नक्षी नसली तरी चालेल. तिने हंडा डोक्यावर घेतला आणि ती भराभरा पळसाकडे निघाली.

वाटेत, झऱ्याच्या चढणीच्या माथ्यावर, दुर्पीमावशी बसली होती. दुर्पीमावशी त्यांची शेजारीण. तिच्या पायाशी माठ फुटून पडला होता आणि पाणी कातळावरून ओघळून गेलं होतं. पदराला धरून तिची दोन धाकटी मुलं मुसमुसत होती.

"काय झालं मावशी?"

"पाय घसरला गं. घरात एवढाच एक माठ होता. पोरं सकाळपासून तहानलीत, आणि एवढ्या खाली झऱ्यापर्यंत त्यांना चालवत नाही. ओंजळीने का पाणी घरी नेता येतं?"

सगू थबकली. डोक्यावर हंडा होता. तो देऊन टाकला, तर परीला काय परत करणार? आणि परत केला नाही, तर दुसरं भांडं मिळणार नाही. आईच्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तिने धाकट्या पोराकडे बघितलं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

सगूने हंडा खाली उतरवला. "हा घे मावशी. याला भोक नाही. पाणी छान राहतं."

"अगं, एवढा मोलाचा हंडा? तुझ्या आईला विचारलंस का?"

"हंडा माझा आहे. तुझ्याकडेच राहू दे."

मग ती रिकाम्या हातांनी पळसापाशी गेली. ठिणगी फांदीवर बसून पाय हलवत होती.

"मी मागायला नाही आले," सगू म्हणाली. "फक्त सांगायला आले. तुझा हंडा मी देऊन टाकला."

ठिणगीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या पंखांचा लाल रंग जरा फिका झाला. "मला द्यायचं खूप मनात आहे, सगू. पण नियम मी केलेला नाही, आणि मला तो मोडता येत नाही."

"माहीत आहे मला," सगू म्हणाली. तिने परीचा एवढासा हात बोटाच्या टोकाने कुरवाळला आणि ती घरी परतली.

आई भिंतीला टेकून बसली होती. सगूचा उतरलेला चेहरा बघून तिने लेकीला जवळ ओढलं. सगूने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"बरं, मिळालं असतं तर कसलं भांडं मागणार होतीस?" आईने विचारलं.

"लहानसं. आत अंधार असेल असं. आणि खालून पाणी निथळेल असं."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "अगं वेडे, मग तो कोपऱ्यातला पानांचा गठ्ठा इकडे घे की."

"द्रोण? पण आई, ओल्या मातीने द्रोण कुजेल."

"कुजू दे. लगेच थोडाच कुजतो? तोवर रोप अंगठ्याएवढं होईल. मग द्रोणासकट उचलून मोठ्या भांड्यात ठेवायचं. मुळांना हातसुद्धा लागायचा नाही. पान कुजलं की त्यातून मुळं आपली वाट काढतील."

आईच्या बोटांत काडी टोचण्याइतका जोर नव्हता, म्हणून पान आईने दुमडायचं आणि काडी सगूने टोचायची, असं दोघींनी मिळून केलं. थोडे खोल, पेल्यासारखे द्रोण. बुडाला दाभणाने बारीक भोकं. सगूने त्यांत भुसभुशीत माती भरली, प्रत्येकात एकेक बी टाकलं, आणि सगळे द्रोण सुपात ओळीने मांडून सकाळचं कोवळं ऊन येई तिथे ठेवले. पाणी ती बोटांनी शिंपडायची. जास्त झालेलं पाणी भोकांतून टपटप निघून जाई.

रोपं आली. पहिल्यांदा दोन पानं, मग चार, मग गर्द हिरवी, तुकतुकीत, ताठ मानेची रोपंच रोपं. सुपात जणू एक बुटकं रान उभं राहिलं. द्रोणांच्या बुडातून पांढरी मुळं डोकावू लागली.

आता मोठी भांडी हवी होती. सगूने कुणाकडे काही मागितलं नाही, पण हंड्याची आणि या रोपांची गोष्ट दुर्पीमावशीने वाडीभर सांगितली होती. एका सकाळी मावशीने तांब्याच्या हंड्यातून झऱ्याकाठची काळी माती आणून दारात ओतली. तिच्या मुलांनी फुटक्या माठाचं बूड आणलं. त्याला पडलेली चीर पाणी जायला अगदी बेताची होती. कुणी गळकी बादली दिली, कुणी वेताची जुनी टोपली. पलीकडच्या म्हाताऱ्या भिकूआबांनी तेलाचा डबा आणला. "थांब पोरी," म्हणत त्यांनी खिळ्याने त्याच्या बुडाला भोकं पाडली आणि तळाशी खापऱ्या घातल्या. सगूने एकेक द्रोण जसाच्या तसा उचलून त्या भांड्यांत ठेवला आणि भोवती माती सारली. एकही रोप कोमेजलं नाही.

वाडीतले लोक येता-जाता थांबून बघायचे. कातळावर हिरवी रांग उभी होती. तिला चांदणीसारखी पांढरी फुलं आली, फुलांमागून हिरव्या मिरच्या, आणि मग एके दिवशी झाडं लाल दिव्यांनी लगडली.

सगूने ओंजळभर मिरच्या खुडल्या. मीठ आणि लसूण घालून पाट्यावर लालभडक चटणी वाटली. भाकरीवर बोटभर चटणी ठेवून आईपुढे धरली. मावशी, मुलं, भिकूआबा, सगळे दारात श्वास रोखून उभे राहिले.

आईने घास घेतला. तिचे डोळे मोठे झाले, नाक लाल झालं, गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तिखट आहे गं," ती म्हणाली. आणि तिने दुसरा घास तोडला.

तेवढ्यात दारातल्या सगळ्यात उंच रोपावर लखलखाट झाला. पिकल्या मिरचीच्या देठावर ठिणगी बसली होती. तिचा झगा आज निखाऱ्यासारखा रसरसत होता.

"सगू, मी कितीजणांना सोन्याचांदीची भांडी दिली," ती म्हणाली, "पण पळसाच्या पानात एवढी देखणी रोपं मी आजवर पाहिली नव्हती. हंडा देताना तुला ठाऊक होतं की आता काही मिळणार नाही. तरी तू दिलास. अशा मुलीसाठी मला एकदाच, भांडं सोडून दुसरं काही देता येतं. माग."

सगूने आईकडे पाहिलं. आई जेवत होती. मग तिने दारातल्या माणसांकडे पाहिलं.

"इथे कुणाच्याच दाराशी माती नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडी थोडी देशील?"

ठिणगीने पंख पसरले आणि ती वाडीवरून उडत गेली. तिच्या पंखांतून लाल, केशरी, सोनेरी कण भुरभुरले. जिथे कण पडला, तिथे कातळातला खळगा काळ्याशार मऊ मातीने भरला. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक बारीकशी भेग होती, पाणी निथळून जायला. झोपड्यांच्या दारादारांत, पायवाटेच्या कडेला, पार टोकापर्यंत कातळभर अशा मातीच्या कुंड्या तयार झाल्या. मुलं त्यांत हात घालून मातीचा वास घेऊ लागली.

ठिणगीने वाडीवर शेवटची गिरकी घेतली. ती उजळत गेली, आणखी उजळत गेली, आणि तिच्याकडे बघवेना इतका तो उजेड झाला. सगूने डोळे चोळून पुन्हा पाहिलं तेव्हा आभाळ निळंभोर आणि रिकामं होतं.

आत झोपडीतून आईची हाक आली, "सगू, आणखी एक भाकरी आहे का गं?"