भोंगूचं तोंड

"मग चूक आहे कुठं, उस्ताद? मापात तर केसाचीही नाही!"

हेमंत उंबरजेनं इंजिन टेबलावर ठेवलं. लगेच उचललं. पुन्हा ठेवलं. बोटभर लांबीचं, निळं इंजिन.

दस्तगीर मिस्त्री शांतपणे चहा पीत होते. कुर्डुवाडीला छोट्या लाइनच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला होता. आता घरच्या पडवीत खेळण्यातल्या आगगाड्या बनवायचे. शिकायला येणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. हेमंत टिकला होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

इंजिन गोष्टीच्या पुस्तकातलं होतं. भोंगू त्याचं नाव. समोरच्या गोल चकतीवर डोळे, नाक आणि हसरं तोंड. हेमंतची सहा वर्षांची रेवा त्याच्यावर जीव टाकायची. हातभर लांबीचा भोंगू बापानं तिला मागेच करून दिला होता.

पण रेवा आता रविवारी आईबरोबर नागपूरला चालली होती. कायमची. नवराबायकोचं पटेनासं झालं होतं, आणि त्यावर आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "फ्रॉकच्या खिशात मावेल असा भोंगू दे," एवढंच पोरीनं मागितलं होतं.

म्हणून त्यानं सगळं मापानं लहान केलं. चाकं लहान, धुराडं लहान, हसूही तितकंच लहान. आणि एवढ्याशा चकतीवर ते हसू रडल्यासारखं दिसत होतं.

"कितवं तोंड हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"अकरावं."

"कधीपासून बसलायस?"

"मंगळवारपासून इथंच आहे की. तुमच्यासमोर."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार." हेमंतनं भिंग डोळ्याला लावलं, काढलं, शर्टाला पुसलं. "डावा डोळा किंचित वर गेलाय का हो?"

"पोरगी कुठाय?"

"सोलापूरला. घरी."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिच्यासाठीच तर मरतोय ना मी!" हेमंतचा आवाज चढला. "रविवारी असलं रडकं तोंड देऊ तिच्या हातात?"

"बस जरा."

"बसायला वेळ कुठाय, उस्ताद?"

तो दारापर्यंत गेला, परत आला. ब्रश उचलला, ठेवला. त्याचा चहा कधीच गार झाला होता.

"रेवाचा दात पडलाय म्हणालास ना परवा?"

"हो. समोरचा."

"वरचा का खालचा?"

"वरचा..." हेमंत थांबला. "नाही, खालचा... फोनवर सांगत होती ती. मी तेव्हा..."

त्याची नजर टेबलावरच्या ब्रशकडे गेली.

मिस्त्रींनी चिंधी थिनरमध्ये बुडवली, इंजिन उचललं आणि एका फटक्यात भोंगूचं तोंड पुसून टाकलं.

"अहो! काय केलंत हे?"

चकती कोरी झाली. चार दिवसांची मेहनत चिंधीवरच्या डागात गेली. हेमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, त्याचं त्यालाच कळेना.

मिस्त्रींनी इंजिन कागदात गुंडाळलं. बारका ब्रश आणि रंगाची कुपी सोबत बांधली. पुडी त्याच्या खिशात घातली.

"तोंड तिला काढू दे."

"तिला? बटणाएवढी जागा आहे, उस्ताद! मला भिंगातून जमेना, आणि ती... बिघडवून टाकेल ती."

"टाकेल की."

"मग?"

मिस्त्रींनी थिनरची बाटली त्याच्या हातात दिली.

"मग पुसा आन् परत काढा. रविवारपर्यंत दुसरं काम काय आहे तुम्हा दोघांना?"