हौसा तांबोळीण आणि धामणीची अंडी

ओढ्याकाठच्या एका गावात हौसा नावाच्या तांबोळणीचा पानमळा होता. तिला आपल्या हातांचा मोठा गर्व होता, आणि का नसावा? विड्याचं पान म्हणजे भारी नाजूक प्रकरण. सुकलं की चुरा, भिजलं की चिखल. हौसा ओल्या गोणपाटात पानं ठेवायची. सकाळ-संध्याकाळ ती फिरवायची, डागाळलेलं पान नखानं उडवायची आणि वरून पाण्याचा हबका मारायची. बाजार उठेपर्यंत टवटवीत राहायची ती फक्त हौसाची पानं.

“माझा हात फिरला की सडणं नाही,” असं ती म्हणायची. पानांपुरतं ते खरंही होतं.

तिची मुलगी शेवंता पानांची चवड लावायची. हौसा ती मोडून पुन्हा लावायची. तिच्या हातांना राहवतच नसे.

मळ्यात एक धामण होती. हौसा तिला थोरली म्हणायची. उंदीर वेलींची मुळं कुरतडायचे आणि थोरली उंदीर खायची. कित्येक वर्षं दोघी एकमेकींच्या वाटेत न येता एकच मळा सांभाळत होत्या. वारुळाला हळदकुंकू वाहणारं ते गाव, पण धामण दिसली की काठी शोधायचं. हौसानं बजावून ठेवलं होतं, “माझ्या मळ्यात काठी घेऊन आलात, तर माझं पान तुमच्या तोंडाला लागणार नाही.” गावाला विड्याशिवाय जेवण गोड लागत नसे. काठ्या कोपऱ्यातच राहिल्या.

पण कुत्र्यांना कोण बजावणार? ऐन उन्हाळ्यात एका सकाळी कुत्र्यांच्या टोळीनं थोरलीला फाडलं. हौसा धावली तोवर सगळं संपलं होतं. बांधाचे दगड उकरले गेले होते आणि पाचोळ्यात थोरलीची ताजी अंडी उघडी पडली होती. लांबट, पांढरी, चामड्यासारखी मऊ. काही सुटी होती, तीन एकमेकांना घट्ट चिकटलेली.

शेजारचा दगडूनाना गवळी कुंपणावरून डोकावला. “फोडून टाक, हौसे. धामणीची अवलाद ती! उद्या माझ्या म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पितील.”

“आणि नाना, तुमच्या दुधात पाणी घालते तीही धामणच का?”

नानाचं डोकं कुंपणाआड गेलं.

हौसानं पदर पसरून अंडी उचलली. “शेवंते, यांना आता आई नाही,” ती म्हणाली. “मी आहे. यांतलं एक जरी जगलं, तर थोरलीची जागा रिकामी राहायची नाही.”

तिनं मोठ्या माठात ओली वाळू भरली. त्या वाळूत मडकं बसवलं आणि मडक्यात मळ्यातला कुजका पाचोळा घालून अंडी ठेवली. वर केळीचं पान झाकलं. ओल किती असावी हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पाचोळा मुठीत दाबला तर हाताला गार लागावा, पण बोटांतून थेंब निघू नये. इथवर हौसा चुकली नाही.

चुकली ती पुढं. सकाळी पानं फिरवून झाली आणि तिचा हात आपसूक मडक्याकडे वळला. तिनं एकेक सुटं अंडं उचलून उलटं केलं. कुठलं फिरवलं ते कळावं म्हणून त्यावर चुन्याचा ठिपका लावला. वरून पाण्याचा हबका मारला. संध्याकाळी पुन्हा तेच. चिकटलेली तिन्ही मात्र तिला दाद देईनात. ओढायला गेलं की त्यांचं कातडं ताणायचं. शिवाय ती मडक्याच्या पार कडेला, पाचोळ्याबरोबर आलेल्या एका खापरीआड होती. हबकाही तिथवर पोचायचा नाही.

“हट्टी कुठली!” म्हणून हौसा त्यांना सोडून द्यायची.

“आई, झोपू दे की गं त्यांना जरा,” शेवंता एकदा म्हणाली.

“तू तुझी चवड बघ. मला शिकवू नकोस.”

पुढं एक अंडं पिवळं पडलं. हौसा बाकीची आणखी जपून फिरवू लागली. दुसऱ्याला खळगा पडला. सुकलं असेल म्हणून तिनं हबका वाढवला. तिसऱ्यावर बुरशी आली. मग तिनं बाजाराला जाणंच सोडलं आणि मडक्यापाशी ठाण मांडलं. जितकी ती राबली, तितकी अंडी बिघडत गेली. एकेक अंडं ती वेलीच्या बुडाशी पुरायची आणि ओढ्यावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसायची.

ठिपक्याचं शेवटचं अंडं पुरून ती परत आली आणि तिनं मडक्यात पाहिलं. खापरीआड ती तीन हट्टी अंडी होती. पांढरीशुभ्र, टपोरी, ताठ. एकावरही चुना नव्हता.

हौसा मडक्यापाशीच बसली. “शेवंते,” ती हळूच म्हणाली, “माझा हात जिथं पोचला नाही, तेवढीच जगली बघ.”

शेवंता आईच्या शेजारी येऊन बसली.

दुसरं कुणी असतं तर नशिबाला बोल लावून मोकळं झालं असतं. हौसा तसली नव्हती. चूक दिसली की ती चूकच म्हणायची, मग ती स्वतःची का असेना. त्या दिवसापासून तिनं मडक्यात हात घातला नाही. पाणी द्यायचं ते बाहेरच्या वाळूला. ओल मडक्यातून आपली आपण आत झिरपायची. केळीच्या पानाला आतून थेंब धरत. ते अंड्यांवर टपकू नयेत म्हणून तिनं पान एका बाजूला उतरतं ठेवलं. बस्स, एवढंच.

काही न करणं तिला जन्मात इतकं जड गेलं नव्हतं. हात शिवशिवले की ती पदराच्या टोकाला गाठी मारायची आणि सोडायची. त्या टोकाची पार चिंधी झाली.

“काय हौसे, उबवायला बसलीस की काय?” नानानं कुंपणावरून विचारलं.

“बसलेय. या, तुम्हालाही जागा करते.”

एका सकाळी अंड्याला बारीक चीर पडली आणि इवलंसं नाक बाहेर आलं. जीभ लवलवली. मग सगळं थांबलं. दुपार झाली, तरी नाक तिथंच. पानांचे देठ खुडून खुडून हौसाचं नख सुरीसारखं झालं होतं. ते नख चिरेपाशी गेलं.

हौसानं नख मुठीत मिटलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती तशीच बसून राहिली. “ये गं बाई,” ती पुटपुटली, “तुझ्या तुझ्या सवडीनं ये.”

ते पिल्लू बाहेर आलं. त्याच्या मागून दुसरं आलं, मग तिसरं. हौसानं मडकं बांधावर नेऊन आडवं केलं. एक पिल्लू तिच्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं, गारगार, आणि वेलींत नाहीसं झालं. मागं वळून कुणीच पाहिलं नाही.

“थोरलीच्याच वळणावर गेली,” हौसा म्हणाली आणि त्या चिंधी झालेल्या पदरानं तिनं डोळे टिपले.

संध्याकाळी शेवंतानं पानांची चवड लावली. हौसाचा हात सवयीनं पुढं झाला आणि मध्येच थांबला.

“ने उद्या बाजारात. अशीच ने.”

“वाकडी नाही ना, आई?”

“कधीच नव्हती गं,” हौसा म्हणाली.

तात्पर्य: माया ओलीसारखी भोवतीनं असावी, उठल्या-बसल्या हात लावणारी माया जिवाला वाढू देत नाही.