अकीकाच्या पोटातलं पाणी

"किती जुनं असेल बाबा, हे पाणी?"

नूरशा फकिरांनी दगड कानाशी धरून हलवला. आत पाणी हललं.

"हा डोंगर तापलेला रस होता, तेव्हा त्यात एक बुडबुडा अडकला. रस थिजला. मग झिरपणाऱ्या पाण्यानं आतून थरावर थर चढवले. त्याचा झाला अकीक. थोडं पाणी आतच राहिलं... माणूस नव्हता तेव्हा."

महिपतीनं घाईघाईनं दगड परत घेतला आणि ओल्या फडक्यात गुंडाळला.

अकीक कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या हातून दगड कधी फुटला नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. या दगडाच्या पाठीवर त्यानं कमळ कोरलं होतं. पुढची बाजू घासून नखासारखी पातळ केली होती. उजेडात धरलं की आतलं पाणी डुलताना दिसे.

"एक पाकळी राहिलीय, बाबा. हत्यार टेकवलं की हात थांबतो. तडा गेला तर?"

"मग ठेवून दे."

"ठेवू कुठं? उन्हानं आटेल. कुणी पाडेल. झोपलो तरी उशाशी घेतो..." त्याचा आवाज खाली आला. "परवा पोरीनं कानाशी धरला. तिच्यावर हात उगारला मी. आता ती जवळ येत नाही."



बाबा म्हणाले, "तहान लागलीय रे."

महिपती उठला. तकियाच्या, म्हणजे बाबांच्या मठीच्या, मागेच विहीर होती. पोहरा ओढायचा तर दोन्ही हात हवेत. दगड ठेवायला त्यानं विहिरीच्या कट्ट्याकडे पाहिलं. कट्टा उतरता होता. खाली बकऱ्या फिरत होत्या.

बाबांनी हात पुढे केले. म्हातारपणानं ते हात थरथरत होते.

"बाबा, सांभाळून..."

"हं."

दगड देऊन तो दोर ओढू लागला. नजर सारखी मागे जात होती. पोहरा काठाला आपटून अर्धा रिकामा झाला. त्यानं पुन्हा सोडला. मागून दगडातल्या पाण्याचा आवाज येत होता. एकदम तो आवाज थांबला, तसा महिपती भरला पोहरा घेऊन धावतच आला.

दगड बाबांच्या हातातच होता.

"घे." बाबांनी तो पुढे केला.

महिपतीचे दोन्ही हात पोहऱ्याला होते.

"मी पिऊ कसा मग?" बाबा म्हणाले. त्यांनी दगड शेजारच्या खडीत ठेवला आणि ओंजळ धरली.

महिपती ओतू लागला. एक बकरी खडीकडे वळली. तिचा खूर दगडाजवळ पडला... आणखी जवळ. महिपतीची नजर तिथंच खिळली. त्याला हाकही मारवेना.

बाबांची बाही कोपरापर्यंत भिजली. ओठ कोरडेच होते.

"महिपती," ते हळूच म्हणाले, "सांडतंय."