मबरूकाचं नाव घेण्याची चाल

खाडीच्या काठची ही गोरखचिंच पाहिलीत? हिचा बुंधा चार माणसांच्या कवेत मावत नाही. वेळशेतच्या मुली लग्नाआधी इथे येऊन डोकं धुतात. फळाचा आंबट गर, बियांचं तेल आणि केळीच्या राखेचा साबण, एवढंच लागतं. हल्ली शहरातून माणसं कृती विचारायला येतात. आम्ही सांगतो. पण आधी हे ऐकावं लागतं.

असं सांगतात की फार पूर्वी विसाजी खोताने बंदरावरून एक हबशी बाई विकत आणली. मबरूका तिचं नाव. समुद्रापलीकडच्या मुलुखातून तिला धरून आणलं होतं. खाडीवर हे झाड दिसलं तेव्हा ती त्याला मिठी मारून रडली म्हणे. तिच्या गावी असंच झाड होतं, आणि तिची आजी त्याच्याच जिवावर सगळ्या गावाचं औषधपाणी करायची.

मबरूकाला इथे लेक झाली, जैतून. तीही खोताच्याच मालकीची.

जैतून नऊ वर्षांची असताना खोताच्या मुलीला, ठकूला, डोक्यात खवडे झाले. सोयरीक जमलेली, आणि केस पुंजक्यांनी गळायला लागले. पू वाहायचा, उशीला चिकटायचा. वैद्य थकले. तेव्हा मबरूका म्हणाली, "मी बरी करते पोरीला. पण मग माझी लेक माझ्या हवाली करा. आम्हा दोघींना मोकळं करा."

खोताने देवापुढे शब्द दिला. खवड्यांचं लपवून वराकडे निरोप गेला की यंदा योग नाही.

मबरूकाने ठकूचं डोकं भादरलं. प्रत्येक लेप ती आधी स्वतःच्या हातावर लावून बघायची. तरी आग व्हायचीच. ठकू किंचाळायची, तिच्या दंडाला कडकडून चावायची. मबरूका तिला मांडीत धरून आपल्या भाषेतलं काहीबाही गुणगुणायची. हळूहळू खपल्या गेल्या, मऊ जावळ आलं. दोन वर्षांत ठकूचे केस पाठीवर रुळायला लागले. ती मबरूकाला 'बाय' म्हणायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी मबरूका मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली. "खोत, माझी लेक द्या."

वरपित्याने विचारलं, "ही कोण? हिचा काय संबंध?"

"नवरीच्या डोक्यातले खवडे मी बरे केले," मबरूका म्हणाली.

खोत हसला म्हणे. "हबशीण खोटं बोलते. मुलीलाच विचारा."

भिवराबाई, ठकूची आई, तिच्या कानाशी लागली. "हो म्हणालीस तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल. मग विहीर जवळ कर."

ठकूने मान वर केली नाही. "मी हिला ओळखत नाही," ती म्हणाली.

मागच्या अंगणात हौदात चुनकळी विरत होती, रटरट उकळत. खोटं बोलली म्हणून मबरूकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवले. तो आवाज झाकायला खोताने वाजंत्र्यांना जोरात वाजवायला सांगितलं. जैतूनला त्याच दुपारी गलबतावर चढवून विकून टाकलं. मबरूका या झाडाखाली सात दिवस जगली.

खोताच्या घराला शाप लागला, असं कोणी सांगत नाही. काहीच झालं नाही. ठकू सुखाने नांदली. केस तर गुडघ्यापर्यंत वाढले. सासरी पाहुणे आले की ते मोकळे सोडून दाखवायला लावत.

म्हातारपणी नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर ती जैतूनची चौकशी करायची. पत्ता कधीच लागला नाही. शेवटी तिने गावच्या बायका इथे जमवल्या, सगळी कृती शिकवली आणि मांडवात जे बोलली नव्हती ते बोलली. एक बाई तिच्या तोंडावर थुंकली म्हणतात. ठकूने तोंड पुसलं नाही. "माझ्यासारखी ओळख नाकारणारी या गावातून पुन्हा सासरी जायची नाही," एवढंच म्हणाली.

आजही वेळशेतची नवरी नवऱ्याचं नाव घेण्याआधी भर मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर मोठ्याने म्हणते, "माझं डोकं मबरूकाच्या औषधाने धुतलंय. मी तिला ओळखते." सोयरीक मोडायची तर मोडो.

मी त्याच खोतांच्या घरातला. माझ्या लेकीच्या लग्नात ती हे हळूच म्हणाली, मागे कोणाला ऐकू गेलं नाही. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.