धुरपदेचा अपुरा मंत्र

डोंगराच्या पायथ्याला भिवदरी म्हणून जेमतेम चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे. एका वैशाखात श्रीकेवलनाथ महाराजांचा मुक्काम तिथल्या बारवेजवळच्या देवळात होता. तिसऱ्या प्रहरी निरूपण चाले. देवळाला लागूनच त्र्यंबकशास्त्र्यांचं घर. त्यांची सून सगुणा वीस दिवसांची बाळंतीण होती. खोलीच्या खिडकीतून तिला महाराजांचा शब्दन् शब्द ऐकू येई. एक कान तिकडे आणि एक कान कुशीतल्या बाळाच्या श्वासाकडे, असं तिचं श्रवण.

निरूपणाआधी सुपं-टोपल्या विणणारी धुरपदा बुरुडीण आवार झाडायची, सडा घालायची, महाराजांचा तांब्या भरून ठेवायची. पण ती देवापुढे हात जोडत नसे. तीन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत तिचं अंगावरचं मूल गेलं, तेव्हापासून तिनं ते सोडलं होतं.

एके दिवशी शास्त्रीबुवांनी भर सभेत विषय काढला. "महाराज, हिच्या हातचं पाणी आपण घेता. जिला देवाचं भय नाही, तिला पापाचं भय कुठून असणार? उद्या हाच तांब्या घेऊन पसार होईल."

महाराज हसून म्हणाले, "काय गं धुरपदे, तांब्या का नेत नाहीस?"

"न्हेला तर तुमी पानी कशानं पिनार?" धुरपदा म्हणाली आणि केरसुणी उचलून निघून गेली.

मंडळी हसली. शास्त्रीबुवा हसले नाहीत. "हे काय उत्तर झालं? नीतीचं मूळ धर्मात. बिनमुळाचं झाड पहिल्या वाऱ्याला आडवं होतं."

"मग वारा येऊ द्या, शास्त्रीबुवा," महाराज म्हणाले.

वारा आला तो शास्त्रीबुवांच्याच घरात. सगुणेला ताप भरला आणि दोन दिवसांत तिचं दूध आटलं. शेळीचं दूध बाळाला सोसेना. बोंडल्यानं पाजलेलं सगळं उलटून पडे. नवरा वैद्याला आणायला पाच कोसांवर गेलेला. सगुणा नुसती बघत राही. बाळाची टाळू किती खोल गेली, ओठ किती सुकले. पापणी मिटायची तिला भीती वाटे.

अशातच एका सकाळी धुरपदा नवं सूप द्यायला परसात आली आणि दारातच थबकली.

"वैनीबाई, हे भुकेचं रडनं न्हवं. हे दमल्याचं रडनं हाय. द्या माज्यापाशी."

"अगं, पण तुला कुठलं दूध?"

"न्हाई खरं. पन कोरडं चोखलं तरी जीव थाऱ्यावर ऱ्हातो. तवर वैद्यबुवा येत्याल."

सगुणा उठतच होती, तेवढ्यात शास्त्रीबुवा मागच्या दारात आले. नातवंडाचा जीव त्यांनाही प्यारा होता. नाही म्हणण्याची छाती त्यांना झाली नाही, पण आयुष्यभराची शिस्त आड आली. "थांब. आधी बारवेवर अंघोळ कर. तुळशीपुढे बसून माझ्यामागून मंत्र म्हण. मग घे."

धुरपदा धावत गेली, ओलेत्यानं परत आली आणि वृंदावनापुढे बसली. शास्त्रीबुवा सांगत, ती म्हणे. चौथ्या शब्दाला अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली.

"तुझं लक्ष नाही."

"लक्ष हाय की. तिकडं हाय," ती खिडकीकडे मान वळवून म्हणाली.

"पुन्हा म्हण."

आणि खोलीतलं रडणं थांबलं.

सगुणेनं बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. मग नव्हता. मग पुन्हा होता. लग्न होऊन चार वर्षं झाली, सासऱ्यांसमोर ती कधी उभीसुद्धा राहिली नव्हती. ती बाळ घेऊन, भिंत धरत परसात आली.

"मामंजी, पुरे," ती म्हणाली आणि तिनं बाळ धुरपदेच्या ओटीत ठेवलं.

मंत्र अर्धाच राहिला. धुरपदेनं पदर ओढून बाळाला छातीशी धरलं. बाळानं तोंड उघडलंच नाही. परसदारी कुणीतरी उभं होतं. सगुणेनं पाहिलं, तर महाराज. त्यांना बोलवायला कुणी गेलं नव्हतं. ते आत आले, धुरपदेच्या ओल्या केसांवर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटले.

"पी रं माज्या राजा," धुरपदा पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बाळाचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग सगुणेला गिळल्याचा आवाज आला. तिचा विश्वास बसेना. ती खाली वाकली, तेव्हा बाळाच्या हनुवटीवरून एक पांढरा थेंब घरंगळला. तीन वर्षं कोरड्या पडलेल्या त्या माउलीला पान्हा फुटला होता! केवढी ही कृपा!

शास्त्रीबुवा तुळशीचा कठडा धरून उभे होते. "महाराज, मंत्र तर पुरा झालाच नाही. मग हे कुठून आलं?"

महाराज म्हणाले, "जिथून तुमचं शास्त्र आलं, तिथूनच. देवानं माणसाला आधी कळवळा दिला. पुढे माणूस विसरू लागला, तेव्हा आठवण राहावी म्हणून शास्त्र दिलं. तुम्ही आज आठवणीपायी मूळच दाराबाहेर बसवलंत, शास्त्रीबुवा."

शास्त्रीबुवांनी डोक्यावरची पगडी काढून वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली आणि ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज हळूच दोन पावलं बाजूला सरले. समोर धुरपदेचे पाय होते, बारवेच्या चिखलानं भरलेले.

शास्त्रीबुवा क्षणभर थांबले. मग त्यांनी तिथेच माथा टेकला. "माय, माझं चुकलं," त्यांचा गहिवरलेला आवाज जरा मोठाच निघाला.

"हळू बोला, बुवा," धुरपदा बाळावरची नजर न काढता कुजबुजली. "आत्ता कुटं डोळा लागलाय."

शास्त्रीबुवांनी ओठ मिटले आणि बाळाची झोप मोडू नये म्हणून ते तसेच, माथा टेकून राहिले.