अक्कांच्या नातीसाठी लाडू

एकदा एक वृद्ध परिचारिका आपल्या तरुण शिष्येला घेऊन लग्नघराकडे निघाल्या. सारा गाव त्यांना अक्का म्हणे. लग्न उद्यावर होते, पण शिष्येचा जीव आजच टांगणीला लागला होता. केरबा आचाऱ्याला विषमज्वर झाल्याचे दोघींना दवाखान्यात कळले होते. बरा होईपर्यंत स्वयंपाकाला हात लावू नकोस, असे अक्कांनी बजावले होते आणि त्यानेही मान डोलावली होती. आणि आता हा पठ्ठ्या लग्नाच्या लाडवांसाठी बुंदी पाडत बसल्याचे कानावर आले होते.

नवरी शिष्येची बालमैत्रीण. "अक्का, सरळ सांगून टाकू सगळ्यांना," ती म्हणाली. "पंगतच्या पंगत आजारी पडेल."

"आणि त्याला पुन्हा कोणी आचारी म्हणून बोलावणार नाही. तू चल तर खरी."

मांडवात बुंदी पाकात मुरली होती. केरबाच्या हातात अजून झाराच होता, लाडू वळायचे बाकी होते. अक्का त्याच्यासमोर पाटावर टेकल्या आणि हसून म्हणाल्या, "केरबा, पहिला लाडू तुझ्या हाताने वळून दे. माझ्या नातीला भरवते."

शिष्येने चटकन अक्कांचा पदर ओढला. म्हातारीला झाले तरी काय?

केरबाने परातीकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. त्या नातीला त्याने अंगाखांद्यावर खेळवले होते. "नाही होणार माझ्याने," तो पुटपुटला आणि उठून नवरीच्या आईकडे गेला. "वहिनी, मला दुखणं आहे. अन्नाला हात लावायची मनाई आहे. लपवलं, चुकलं माझं."

त्या अक्कांकडे वळल्या. "अक्का, ही बुंदी चालेल का?"

"उकळत्या तेलातून निघालीय, हात लागलेला नाही. खुशाल चालेल."

"मग बस बाबा तिकडे लांब खुर्चीवर. तोंडाने सांग, वळू आम्ही."

आळीतल्या बायका हात धुऊन जमल्या. कोणाचे लाडू लिंबाएवढे, कोणाचे नारळाएवढे. "अहो, घट्ट दाबा, नवरदेवाला फुटाणे वाढायचेत का?" केरबा लांबून ओरडत होता, आणि मांडव हसून हसून बेजार झाला.

परतताना शिष्येने विचारले, "त्याने लाडू दिलाच असता तर?"

"पदरात घेतला असता आणि तडक नवरीच्या आईला सांगितलं असतं, याला अन्नाला हात लावू देऊ नका. एवढंच. रोगाचं नाव नाही. अगं, गुपित त्याचं, म्हणून ते बोलण्याचा पहिला हक्क त्याचा. पण पंगत सगळ्यांची, म्हणून तो बोलला नाही तर मला बोलावंच लागणार."

दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढणाऱ्या शिष्येच्या कानाशी आळीतली एक बाई लागली, "काय गं, केरबाला नक्की झालंय तरी काय?"

"ते त्यांनाच विचारा, मावशी," शिष्या म्हणाली आणि तिने मावशींच्या पानात लाडू वाढला. "तुम्ही निर्धास्त जेवा."