मांजराचे वाकडे तोंड

एकदा एक धनगर आपल्या तरण्याताठ्या मुलाला घेऊन नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. धनगराचे नाव म्हाकू. मेंढरे त्याने पलीकडच्या पडीक रानात बसवली होती आणि वहाणा अंगणाबाहेर काढून ठेवल्या होत्या.

“वैदबुवा,” तो म्हणाला, “ह्यो डोळं झाकून पाल्याच्या वासावरनं झाड वळखतो. मेंढरामागं ठिवला तर वाया जाईल. तुमी घ्या त्याला पदरात.”

वैद्यांनी मुलाच्या डोळ्यांवर उपरणे बांधले आणि एकेक करून अकरा वनस्पती हुंगायला दिल्या. त्याने अकराही ओळखल्या. वैद्यांकडे आधीपासून शिकणाऱ्या पाच शिष्यांपैकी कोणाचीही मजल सहाच्या पुढे गेलेली नव्हती. मुलाला तिथेच ठेवून घेतले गेले. निघताना म्हाकूने आपल्या खांद्यावरची काळी घोंगडी काढून मुलाच्या खांद्यावर टाकली. “थंडीचं लागंल. मला दुसरं हाय,” म्हणाला आणि मागे न बघता नदी उतरून गेला.

वैद्यांच्या कोठारात उंदरांचा सुळसुळाट होता, म्हणून त्यांनी एक मांजर पाळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या शिष्याने घोंगडी ओसरीवर पसरली. मांजर आले, घोंगडीत नाक खुपसून पुष्कळ वेळ हुंगत राहिले. मग त्याने मान वर केली. तोंड अर्धवट उघडे, वरचा ओठ मागे ओढलेला, नाकाला सुरकुत्या, पुढचे दात बाहेर. असे चमत्कारिक तोंड करून ते क्षणभर तसेच थिजून बसले.

पाचही शिष्य खो खो हसले. “अरे, मांजरालासुद्धा ओकारी आली!” एक म्हणाला. दुसऱ्याने भर घातली, “उकिरड्यावर जेवणारा प्राणी तो. त्यालाही हा वास सोसवेना, मग आपण कसं झोपायचं रे याच्या शेजारी?”

ओसरीच्या टोकाला वैद्य काढ्याची भरड करत बसले होते. त्यांनी हे पाहिले, ऐकलेही. मग मान खाली घालून ते पुन्हा भरड करू लागले.

माणसाला जनावराचे तोंड वाचता येते, असा माणसाचा फार जुना समज आहे. कुत्र्याने शेपूट हलवली की ते आपल्यावर लुब्ध, आणि मांजराने ओठ उलटा केला की ते आपल्याला विटले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण हसणाऱ्यांना हसायचेच होते. मांजर नुसते निमित्त. खरी गोम पुढेच आहे. ज्याला हसले, त्याने हसणाऱ्यांचे खरे मानले.

त्याने घोंगडी नदीवर नेली आणि रिठ्याच्या पाण्यात भिजवून दगडावर आपटली. वाळवून आणली तरी मांजराने तेच तोंड केले. दुसऱ्यांदा धुतली, तरी तेच. तिसऱ्यांदा त्याने ती दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली. धनगराची घोंगडी अशी कधी धूत नाहीत. उन्हात टाकतात, झटकतात, पुन्हा खांद्यावर घेतात. चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली ती घोंगडी तिसऱ्या धुण्यात फडक्यासारखी लुळी पडली. पण मांजराने या वेळी तिला नाक लावले आणि न थांबता पुढे गेले. त्या दिवशी शिष्याला इतका आनंद झाला की तो दोन भाकरी जास्त जेवला.

दिवाळी झाल्यावर म्हाकूची मेंढरे पुन्हा नदीकाठी उतरली. मेंढीच्या दुधाचा खरवस फडक्यात बांधून तो मुलाला भेटायला आला. मुलाने त्याला अंगणात येऊ दिले नाही. घाटाच्या खालच्या पायरीवर गाठले. म्हाकूने मुलाच्या खांद्यावरच्या घोंगडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला.

“धुतलंस जणू?”

“हो.”

“खळ गेली रं त्याची. आता पावसाचं पानी धरंल.” एवढे बोलून त्याने पदर सोडला. मग इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या. निघायच्या वेळी मुलगा म्हणाला, “आबा, इथं येत जाऊ नका. माझ्या अभ्यासात खंड पडतो.”

म्हाकूने मान हलवली. बापाला लेकराचे खोटे कळत नाही, असे समजू नका. त्याला कळते, फक्त ते पाठीवर टाकून चालायची त्याला सवय असते.

पुढच्या वर्षी मात्र त्याला राहवले नाही. या वेळी तो थेट ओसरीशी येऊन उभा राहिला. मुलगा औषधांच्या कोठारात होता. बापाचा आवाज ऐकताच तो फडताळामागे सरकला आणि दुसऱ्या शिष्याकरवी निरोप धाडला, की तो मुळ्या आणायला बाहेरगावी गेला आहे. म्हाकू दुपारपर्यंत ओसरीवर वैद्यांशी बोलत बसला. कोठारातून बोलणे स्पष्ट ऐकू येत नव्हते, पण मधेच एकदा बाप मोकळेपणाने हसल्याचे मुलाने ऐकले. ऊन कलल्यावर तो उठला आणि गेला.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरे आली, पण त्यांच्यामागे म्हाकू नव्हता. त्याच्या वाड्यावरचा, म्हणजे मेंढरांच्या तळावरचा, एक म्हातारा धनगर आला. त्याच्या हातात दुमडलेली घोंगडी होती.

“म्हाकू गेला,” तो म्हणाला. “भादव्यात. थंडीताप भरला हुता. आमी म्हनलं, वैदबुवाकडं न्हेतो, पोरगं बी हाय तितं. तर हात धरून म्हनला, नगं, त्याच्या अभ्यासात खंड पडतोय.”

थंडीतापाचा काढा त्या घरात बारा महिने तयार असे. मुलाने स्वतः त्याची भरड कितीदा तरी केली होती.

म्हाताऱ्याने घोंगडी ओसरीवर ठेवली आणि डोळे पुसत तो निघून गेला. शिष्य तिच्यापुढे बसला. हात लावायचे त्याला धैर्य होईना. एवढ्यात मांजर आले. त्याने घोंगडीत नाक खुपसले, मान वर केली, ओठ मागे ओढला, दात दाखवले. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “आता तरी सोड रे आबांना!” असे ओरडून त्याने मांजरावर हात उगारला.

वैद्यांनी तो हात वरच्यावर धरला.

“आधी एक सांग,” ते म्हणाले. “एडका मेंढीजवळ जातो, तेव्हा तोंड कसं करतो?”

शिष्य रागातच म्हणाला, “नाक वर करतो. वरचा ओठ उलटा करतो.”

“किळस येते म्हणून?”

“छे. वास घेतो तो. मेंढी माजावर आली की नाही ते ओळखायला वास आत...”

तो बोलता बोलता थांबला. मेंढरांमागे चालायला लागल्यापासून हे त्याने हजारदा पाहिले होते. धनगराच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. वैद्यांच्या घरी येऊन त्याने शंभर औषधे पाठ केली आणि हे एक विसरला.

“नुसतं नाक पुरत नाही तेव्हा जनावर असं करतं,” वैद्य सावकाश म्हणाले. “पुढच्या दातांमागे टाळूला दोन बारीक छिद्रं असतात, तिथून ते वास आत घेतं. मी मांजराचं तोंड उघडून ती पाहिली आहेत. ज्या वासाची त्याला नीट ओळख पटवायची असते, त्याच वासाला ते असं तोंड करतं. नकोशा वासापाशी ते थांबत नाही, निघून जातं. हे मला कोणी शिकवलं, माहीत आहे? तुझ्या बापानं, गेल्या वर्षी, याच ओसरीवर. मांजरानं त्याची घोंगडी हुंगून हेच तोंड केलं. मला वाटलं, पाहुण्याचा अपमान झाला. मी मांजराला हाकलायला उठलो. तर तुझा बाप हसला. म्हणाला, ‘असू द्या वो. वळख काढतंय ते. इचारतंय, ह्यो कोन, घरातल्या एकावानी वास येतोय ह्याचा.’”

शिष्याने मान खाली घातली.

“आणि तू कोठारात होतास, ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तुझ्या वहाणा दारातच होत्या. मी तुला हाक मारली नाही. वाटलं, आपण होऊन बाहेर येशील, तर काही शिकलास असं होईल. पहिल्या दिवशी ते हसले तेव्हाही मी गप्प राहिलो, कारण मलाही तो वास नको होता. अपराध तुझा एकट्याचा नाही. पण म्हणून तुझा वाटा कमी होत नाही.”

वैद्य उठून आत गेले. शिष्याने घोंगडी उचलली, तीत तोंड खुपसले आणि ओठ उघडून श्वास आत ओढला. लोकर, धूर, मेंढीचे दूध, घाम. अंगणात पाचही शिष्य उभे होते. लांबून पाहणाऱ्याला वाटले असते, की याला ओकारी येते आहे. कोणी हसले नाही.

ती घोंगडी त्याने धुतली नाही, पांघरलीही नाही. रोज सकाळी तो ती ओसरीवर पसरी आणि मांजराची वाट पाहत बसे. मांजर येई, हुंगे, तोंड वाकडे करी, मग शिष्य घोंगडीची घडी घालून कामाला लागे. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. औषधांचे डबे, धूप, चूल यांच्या वासात घोंगडीही हळूहळू त्या घरचीच होत गेली.

आषाढातल्या एका सकाळी मांजर आले. त्याने घोंगडीला नाक लावले आणि न थांबता पुढे गेले.

शिष्याने त्याला उचलून पुन्हा घोंगडीवर ठेवले. ते अंग सोडवून घेऊन कोठाराकडे गेले. तीन वर्षांपूर्वी नेमके हेच व्हावे, म्हणून त्याने नदीवर तीनदा घोंगडी आपटली होती.